तानाबाईचे डोळे

उन्मेषनं आयुष्यात एकदाच व्याख्या मोडली, आणि ती नेमकी नको तिथं मोडली.

एरवी हा गडी व्याख्येला असा चिकटलेला, की कोल्हापुरातल्या फोटोवाल्या मंडळींनी त्याचं नावच ‘व्याख्यावाले सर’ असं पाडलं होतं. दिवसा कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचं, संध्याकाळी कॅमेरा क्लबचं सचिवपद सांभाळायचं आणि दोन्हीकडं लोकांच्या चुका काढायच्या, असा त्याचा दिवस जाई. मनानं वाईट नव्हता. पण कुणी साधा गुलाबाचा फोटो ‘मॅक्रो’ म्हणून लावला, की याच्या कपाळाची शीर उडायला लागायची. गेल्या वर्षीच्या स्पर्धेत त्यानं राजवर्धनचा एक देखणा फोटो ‘या गटात बसत नाही’ म्हणून बाहेर काढला होता. राजवर्धन लग्नाचे फोटो काढणारा, तिशीतला, गावात चांगलं नाव कमावलेला पोरगा. त्यानं भर सभेत विचारलं, “सर, व्याख्या फोटोसाठी असती का फोटो व्याख्येसाठी?” लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या उन्मेषला वर्षभर ऐकू येत राहिल्या.

यंदा क्लबनं त्याच राजवर्धनला त्याच्या जोडीला परीक्षक नेमलं. स्पर्धेचा विषय होता हाय-की.

हाय-कीची व्याख्या उन्मेषला पुस्तकातून मिळालेली नव्हती, अंबादासकाकांनी दिली होती. शाहूपुरीत काकांचा स्टुडिओ. कॉलेजात असताना उन्मेष तिथं पडीक असायचा, आणि काका डार्करूमच्या लाल उजेडात प्रिंट हलवत सांगायचे, “हाय-की म्हंजे उजेड वतायचा न्हवं, उजेड राखायचा. सगळं पांढरं असू दे. पर पांढऱ्या लुगड्याची वीण दिसाय पायजे. आन् कुठंतरी, केसात म्हण, बुबुळात म्हण, काळ्याचा एक टिपूस जित्ता पायजे. त्यो मेला की फोटू मेला.” लो-की म्हणजे याच्या उलट. सगळा अंधार आणि त्यात हात राखून सोडलेला उजेड.

काकांनी उजेड मोजायचं मीटर कधी वापरलं नाही. डावा तळहात उजेडात धरायचा, क्षणभर त्याच्याकडं बघायचं, तोंडानं आकडा पुटपुटायचा आणि कॅमेऱ्याचं चाक फिरवायचं. चाळीसेक वर्षं गावातली लग्नं, मुंजी, साखरपुडे त्यांनी त्या तळहाताच्या भरवशावर काढले. त्यांना त्याचा अभिमान होता आणि उन्मेषला त्यांचा.

तर परीक्षणाच्या दिवशी टेबलावर एक प्रिंट आली. कसबा बावड्याचं गुऱ्हाळ, रस उकळतोय, काहिलीवर वाफ दाटलीय आणि त्या वाफेत पांढरा पदर डोक्यावर घेतलेली, सगळ्यांच्या ओळखीची गुऱ्हाळवाली तानाबाई. स्पर्धेत फोटो काढणाऱ्यांची नावं झाकलेली असतात, पण या प्रिंटला नावाची गरज नव्हती. प्रिंटच्या चारी कडांना पेनानं काळी बारीक रेघ ओढायची सवय गावात एकाच माणसाला होती, अंबादासकाकांना. यंदा ती रेघ एका कोपऱ्यात घसरली होती.

“काय काढलाय सर!” राजवर्धन म्हणाला. “काळीज हलतंय बघा. पहिला नंबर ह्येलाच.”

उन्मेषनं प्रिंट खिडकीपाशी नेली. वाफ पांढरी, पदर पांढरा, तानाबाईचं तोंडही पांढरं. वीण कुठंच नव्हती. कुठं वाफ संपते आणि कुठं बाई सुरू होते ते कळत नव्हतं. त्यानं डोळे शोधले. तिथं कोरा कागद होता. हा फोटो हाय-की नव्हता, सरळ सरळ ओव्हर झालेला, जादा उजेडानं जळालेला होता. असली प्रिंट हातात आली असती तर काकांनीच टराटरा फाडून टोपलीत टाकली असती.

मग त्यांनी ती स्पर्धेला दिली कशी?

हा प्रश्न उन्मेषच्या मनात आला, आणि त्याच्या मागोमाग आणखी दोन गोष्टी आल्या. दिवाळीत स्टुडिओत भर दुपारी काकांनी विचारलं होतं, “लाईट गेली काय रं?” आणि चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवला होता. तेव्हा सगळे हसले होते.

“सर, टेक्निकली बसतंय का न्हाय ते बघताय व्हय?” राजवर्धननं डिवचलं. “स्वतःच्या गुरूचा फोटो बाहेर काढणार? काढा की. तुमचं काय सांगता येत न्हाय.”

इथं उन्मेष ढिला पडला. म्हाताऱ्या माणसाला या वयात गावासमोर खाली बघायला लावायचं त्याच्या जिवावर आलं. शिवाय वर्षभर ऐकलेल्या त्या टाळ्या होत्याच. एकदा तरी लोकांनी म्हणावं, सरांनाही काळीज आहे! व्याख्या म्हणजे काय दगडावरची रेघ थोडीच, असं त्यानं स्वतःला समजावलं आणि सही केली. काकांच्या डोळ्यांचा विचार त्यानं मनात येऊ दिला आणि तसाच परत पाठवला. माणूस स्वतःशी किती सहज लबाडी करतो!

जानेवारीत बक्षीस समारंभाला हॉल भरला होता. काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, लेकीचा हात धरून आले. लेक भैरवी. आई गेल्यापासून स्टुडिओचा कॉम्प्युटर आणि घर दोन्ही तीच बघायची. बक्षीस घेऊन काका खाली उतरले नाहीत, माईकपाशीच थांबले.

“परीक्षक साहेबांना एक इचारायचं हाय,” ते म्हणाले. एकांतात ते उन्मेषला ‘उन्म्या’ म्हणत, चारचौघांत थट्टेनं ‘साहेब’. “ह्या फोटूत हाय-की कुठं हाय, तेवढं सांगा.”

लोक हसले. त्यांना ती गुरुशिष्यांची गंमत वाटली. उन्मेषलाही तसंच वाटलं, किंवा तसं वाटून घेणं त्याला सोयीचं होतं. त्यानं माईक हातात घेतला आणि सुरेख बोलला. उजेडच इथं विषय आहे म्हणाला, वाफ आणि बाई यांतली सीमा मुद्दाम पुसली आहे म्हणाला. कष्ट करणारी बाई कामात विरघळून जाते, म्हणून तिचे डोळेसुद्धा उजेडात गेलेत, असंही म्हणाला. राजवर्धननं सगळ्यांत आधी टाळी वाजवली. काका मान तिरकी करून, एकेक शब्द टिपून घेतल्यासारखं ऐकत होते. शेवटी म्हणाले, “बरं झालं. तुम्ही म्हणताय म्हंजे हाय.” आणि त्यांनी मोठा श्वास सोडला. तो श्वास माईकमधून सगळ्या हॉलला ऐकू गेला, पण त्याचा अर्थ कुणालाच लागला नाही.

तो अर्थ चार दिवसांनी भैरवी घेऊन आली. कॉलेज सुटताना ती फाटकाशी उभी होती.

“दादा, एक विचारतो, खरं सांग,” ती म्हणाली. “तो फोटो खरंच चांगला हाय?”

“का गं?”

“आण्णा वर्षभर असलेच फोटो काढायला लागलेत. मी रात्रंदिवस कॉम्प्युटरवर बसून सावरतो. डोळ्यांच्या दवाखान्याचा नंबर लावला होता, सोमवारचा. कसंबसं हो म्हटले होते. समारंभातनं घरी आले आणि म्हणाले, नंबर रद्द कर. डोळं बिघडलं असतं तर उन्मेषनं बक्षीस दिलं नसतं.”

“मी बोलतो त्यांच्याशी,” उन्मेष म्हणाला. बोलायला गेलाही. पण काकांनी तो फोटो मोठा करून, काचेत घालून स्टुडिओच्या दर्शनी भिंतीवर लावला होता, खाली बक्षिसाची पाटी होती, आणि दोन गिऱ्हाइकांना ते मोठ्या उत्साहानं हाय-की समजावून देत होते, त्यातली अर्धी वाक्यं उन्मेषच्याच भाषणातली होती. तो चहा प्याला. उठताना इकडंतिकडं बघत म्हणाला, “काका, वयाच्या मानानं एकदा डोळे दाखवून घ्यायला काय हरकत आहे?”

“भैरवीनं पाठवलं न्हवं तुला?” काका हसले. “अरं, तूच तर पास केलंस की मला.”

तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. ते वाक्य उन्मेषकडं तयार होतं, आणि तो ते घेऊन तसाच घरी आला. मग परीक्षा आल्या, पेपर तपासणी आली. तो शाहूपुरीच्या बाजूनं जायचं टाळू लागला. मोबाईलवर भैरवीचं नाव दिसलं, की तो फोन पालथा ठेवायचा. सुट्टीत सांगू, असं तो स्वतःला बजावत राहिला.

मे महिन्यात एका सकाळी अनोळखी नंबरावरून फोन आला.

“उन्मेष सर का? मी बाळासो बोलतोय, कुरुंदवाडास्नं. तुमचा नंबर अंबादास फोटोवाल्यांनी दिला. आमच्या पोरीच्या साखरपुड्याचं फोटो त्यांनी काढल्यात.”

“बरं.”

“सर, हाय-की म्हंजे काय वो? त्यात पोरीचं तोंड दिसायचं बंद होतंय काय?”

उन्मेष उठून बसला.

“कपाळावरचं कुंकू न्हाय दिसत, सर. आमची म्हातारी आल्बम बघून रडाय लागली. म्हणती, ल्येकीच्या शुभकार्यात कुंकू पुसलं, ह्यो कसला अपशकुन! अंबादासकाका म्हणत्यात ह्यो फोटूचा प्रकारच हाय, पटत न्हाई तर सरांस्नी इचारा. म्हणून इचारतोय. मी काय भांडाय न्हाय फोन केला. पर ल्येक एकच हाय मला. त्यो दिवस परत कुठनं आणू?”

बाळासो चढ्या आवाजात बोलत होता, आणि शेवटच्या वाक्याला तो आवाज बसला. उन्मेषनं त्याची माफी मागितली. कशाबद्दल ते त्या बिचाऱ्याला कळलं नसणार. मग त्यानं कपाटातून मीटर काढलं, खिशात घातलं आणि शाहूपुरी गाठली.

स्टुडिओत काका एकटे होते. भैरवी मागं स्वयंपाक करत होती. उन्मेष बसलाच नाही. त्यानं भिंतीवरचा तानाबाईचा फोटो खाली उतरवला आणि त्याच्या शेजारी काकांचीच एक जुनी फ्रेम ठेवली. लहानपणीची भैरवी, पांढरा फ्रॉक, पांढरी चादर आणि टपोरे काळेभोर डोळे.

“काका, ह्यात टिपूस आहे. तानाबाईच्या डोळ्यांत नाही.”

काका जवळ वाकले. बराच वेळ बघत राहिले. “मला तर दिसत्यात की डोळं,” ते म्हणाले.

“तुम्ही तिला समोर बघितलंय, म्हणून दिसतात. कागदावर नाहीत.”

“काय बोलतोयस तू?”

“दारात चला.”

दारात सकाळचं ऊन होतं. उन्मेष म्हणाला, “हात धरा.” काकांनी सवयीनं डावा तळहात पुढं केला, त्याच्याकडं बघितलं आणि आकडा सांगितला. उन्मेषनं त्याच तळहाताशी मीटर धरलं. दोन्हींत तीन घरांचा फरक होता. त्यानं तो मोठ्यानं सांगितला.

तीन घरं म्हणजे आठपट उजेड, तेवढा जादा उजेड काका फोटोत ओतत होते. हे गणित काकांनीच त्याला शिकवलं होतं. काकांनी तळहात डोळ्यांजवळ नेला, लांब केला, पुन्हा जवळ नेला. तळहात तोच होता, त्याला बघणारे डोळे मात्र जुने राहिले नव्हते. त्यांनी हात खाली घेतला आणि पायरीवर बसले.

“म्हंजे त्या दिवशी तुला कळलं हुतं.”

“हो.”

“माईकवर बोललास तवाबी?”

“तेव्हाही.”

आत भांड्याचा आवाज थांबला. भैरवी पडद्याआड येऊन उभी राहिली होती. काका रागावतील, शिवी घालतील अशी उन्मेषची तयारी होती. शिवी आली असती तर बरं झालं असतं.

“मी फोटू बक्षिसासाठी दिला न्हवता, उन्म्या,” काका हळू बोलू लागले. “मला कवापास्नं संशय येत हुता. सगळं अंधारल्यागत वाटायचं. भैरवी मागं लागली हुती, पर घरच्या माणसाला काळजी असती, त्येला बरं असलं तरी वाईटच दिसतंय. आन् गिऱ्हाईक त्वांडावर बोलत न्हाय. म्हटलं, आख्ख्या गावात एकच माणूस हाय, त्यो सख्ख्या बापाची चूक सोडायचा न्हाय. त्येच्याम्होरं फोटू टाकायचा. त्येनं भायेर काढला, तर गुमान डाक्टरकडं जायाचं. म्हणून तर सगळ्यांसमोर परत इचारलं, साहेब, हाय-की कुठं हाय, सांगा.”

उन्मेष त्यांच्या शेजारी पायरीवर बसला. “मला तुमचा अपमान करायचा नव्हता,” तो म्हणाला, आणि बोलतानाच ते वाक्य किती फुसकं आहे ते त्याला कळलं.

“व्याख्या कशाला असती रं?” काका म्हणाले. “चांगलं दिसत असताना ती लागतीच कुणाला? आपलं आपल्याला कळंना झालं, की धरायला असती. जिन्याच्या कठड्यागत. मी धराय गेलो, आन् तू कठडाच काढून घेतलास.”

भैरवी बाहेर आली. तिनं वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दवाखान्याला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी तपासण्यांना अख्खी सकाळ गेली. एका यंत्रात तोंड घालून काकांना बसवलं, ठिपका दिसला की बटण दाबायला सांगितलं. त्यांनी मन लावून दाबलं. मग डोळ्यांत थेंब घातले. डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या होत्या. काचबिंदू आहे, म्हणाल्या. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेनं नजर खात येतो. डाव्या डोळ्याचं गेलंय ते परत येणार नाही. उजवा राखता येईल, पण थेंब जन्मभर आणि एकही दिवस चुकवायचा नाही.

“आम्ही हिवाळ्यात आलो असतो तर?” उन्मेषनं विचारलं. भैरवीनं त्याच्याकडं चमकून बघितलं. हा प्रश्न त्याला विचारायचाच होता.

“तर डाव्याचंही बरंच काही हाती लागलं असतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि औषधं लिहायला लागल्या.

बाहेरच्या बाकावर तिघं बसले. थेंबांमुळं काकांना उजेड सहन होत नव्हता, त्यांनी कपाळावर हात आडवा धरला होता. भैरवी औषधं आणायला उठली, पण दोन पावलं जाऊन तिथंच थांबली, कारण काका उन्मेषला म्हणत होते, “हातात कागद कसला हाय रं?”

“नजरेचा नकाशा आहे. जिथं दिसतं तिथं पांढरं छापलंय, जिथं दिसत नाही तिथं काळं.”

“म्हंजे फोटूच की.”

“तसंच म्हणा.”

“मला आत्ता सगळं धुरकट दिसतंय. तू बघ आन् सांग. कसा आलाय? हाय-की का लो-की?”

“आण्णा, कशाला आता?” भैरवी म्हणाली.

“तू थांब. परीक्षक त्यो हाय.”

उन्मेषनं कागद गुडघ्यावर सरळ केला. उजवा डोळा बराच बरा होता, त्यावर बोलून वेळ मारून नेता आली असती. गोड बोलायला तो हुशार आहे हे गावाला आता ठाऊक होतं. त्यानं कागद नीट बघितला, एकेक कोपरा बघितला.

“उजवा हाय-की,” तो म्हणाला. “वरच्या कडेला सावली आलीय, बाकी पांढरं आहे. डावा लो-की आहे, काका. जवळजवळ सगळं काळं. मधे थोडासा उजेड उरलाय.”

“व्याख्येत बसतंय?”

“बसतंय.”

“नक्की?”

“नक्की, काका.”

काकांनी मान हलवली. पांढऱ्या शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. ते पाणी थेंबांचं होतं की कशाचं, ते उन्मेषनं विचारलं नाही. मग त्यांनी सवयीनं डावा तळहात खिडकीतून येणाऱ्या उजेडात धरला. थोडा वेळ त्याच्याकडं बघितलं आणि मिटून मांडीवर ठेवला.

“आता मला सांग,” ते म्हणाले, “भायेर ऊन किती हाय?”

उन्मेषनं खिशातलं मीटर काढलं, खिडकीशी धरलं आणि आकडा सांगितला. काकांनी तो मुकाट्यानं ऐकून घेतला.